परकीय व्यापार धोरण आणि गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्यातीची कागदपत्रं करण्याच्या कामात मला फोंड्यात वीसहून जास्त वर्षं झाली. समोर बसलेला माणूस येतो एक फॉर्म भरायला, पण फॉर्म बाजूलाच राहतो आणि प्रश्न सुरू होतात. काजूवर शुल्क का लावलं? खाणी कोर्टानं बंद केल्या की दिल्लीनं? डॉलर वर गेला तर आपलं भलं होतं ना? परत परत येणारे प्रश्न आणि त्यांना मी देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषय गोव्याच्या घराघरात शिरलेला आहे.

हे धोरण ठरवतं तरी कोण?

तीन जण. काय आणता येईल, काय पाठवता येईल, कशाला परवाना लागेल हे वाणिज्य मंत्रालयाचं विदेश व्यापार महासंचालनालय म्हणजे डीजीएफटी ठरवतं. त्याला आधार १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याचा. सीमाशुल्क किती, हे अर्थ मंत्रालय ठरवतं. परकीय चलन कसं यावं-जावं, हे रिझर्व्ह बँक बघते. म्हणून ‘सरकारनं आयात बंद केली’ असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, बंद केली की महाग केली? दोन्हींची कार्यालयं वेगळी आणि दाद मागायची वाटही वेगळी.

पूर्वी हे धोरण पाच-पाच वर्षांचं असे. २०१५-२० चं धोरण मुदतवाढ घेत घेत मार्च २०२३ पर्यंत ओढलं गेलं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या धोरणाला शेवटची तारीखच नाही. नवं धोरण येईपर्यंत हात बांधून बसण्याची वेळ त्यामुळे टळली, हे चांगलंच झालं. पण आता बदल कुठल्याही दिवशी येऊ शकतो, याची धास्तीही तितकीच आहे.

१९९१ साली नेमकं काय झालं? गोव्याशी त्याचा काय संबंध?

संबंध आमच्या घरापासून सुरू होतो. माझे काका कुवेतला नोकरीला होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं आणि काका दोन महिन्यांनी एका पिशवीसह परतले. अम्मानहून मुंबईला आलेल्या त्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले. त्यात गोंयकार कितीतरी होते. आमच्या वाड्यावर त्या वर्षी तीन घरांची महिन्याची ड्राफ्टं थांबली.

घराघरात झालं तेच देशातही झालं. आखातातून येणारा पैसा आटला, तेल महागलं, आणि आधीच्या दशकात काढलेल्या कर्जाचे हप्ते डोक्यावर होतेच. जून १९९१ पर्यंत देशाकडचं परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवलं. घरातले दागिने बँकेत ठेवून निभावून नेणं आपल्याला नवं नाही. पण देशानं ते केलं तेव्हा त्याची लाज सगळ्यांनाच वाटली.

मग जुलै उजाडला. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं आणि २१ रुपयांच्या आसपासचा डॉलर २६ च्या घरात गेला. ४ जुलैला वाणिज्य मंत्री पी. चिदंबरम यांनी व्यापार धोरणातले बदल जाहीर केले. निर्यातीवरचं रोख अनुदान बंद झालं, आणि बऱ्याचशा आयातीला सरकारी परवान्याऐवजी निर्यातदाराला मिळणारी, दुसऱ्याला विकता येणारी हक्कपत्रं चालू लागली. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. बहुतेक उद्योगांना लागणारा औद्योगिक परवाना त्याच दिवशी गेला. नरसिंह राव सरकार तेव्हा जेमतेम महिन्याभराचं होतं आणि त्याच्याकडे बहुमतही नव्हतं.

पोर्तुगीज काळात गोव्यात सगळं परदेशी मिळायचं म्हणतात. मग खुला व्यापार आपल्याला नवा कसा?

खरं आहे, मिळायचं. १९५० च्या दशकाच्या मध्यात भारतानं गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून, चहा सिलोनहून येऊ लागला. आमच्या आजीच्या तोंडी ‘हॉलंडचे बटाटे’ शेवटपर्यंत होते. घड्याळं, नायलॉनचं कापड, दारू हेही मुबलक असायचं. या सगळ्याला चलन मिळत होतं ते लोहखनिजाच्या निर्यातीतून, आणि परदेशी गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशातून.

पण तो खुलेपणा दुकानापुरताच होता. खनिज बाहेर जायचं, तयार वस्तू आत यायच्या, मधल्या मध्ये कारखाना म्हणून काही उभं राहिलं नाही. मतदानाचा, बोलण्याचा हक्क नव्हता तो वेगळाच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि आयात परवान्यांच्या राज्यातही आला. जुनी माणसं त्या काळच्या स्वस्ताईची आठवण काढतात तेव्हा मी त्यांना अडवत नाही. फक्त तेव्हाचे कारखाने कुठले, एवढंच विचारतो.

१९९१ नंतर सगळी आयात लगेच खुली झाली ना?

नाही. आधी यंत्रं आणि कच्चा माल सुटला. घरगुती वापराच्या वस्तू आणखी दहा वर्षं अडकून होत्या. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेनं भारताविरुद्ध तक्रार केली, १९९९ मध्ये भारत हरला, आणि शेवटच्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. सर्वोच्च आयात शुल्कही पायरी पायरीनं उतरलं. सुधारणांपूर्वी ते ३०० टक्क्यांच्या वर होतं, १९९१ च्या अर्थसंकल्पात १५० टक्के झालं, १९९५ मध्ये ५०, आणि २००७ मध्ये शेतीमाल वगळता १० टक्के. या हळूहळू जाण्याला लोक नावं ठेवतात. मला तीच त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण कारखानदाराला पुढच्या वर्षी काय येणार आहे ते दिसत होतं.

खाणी कोर्टानं बंद केल्या की व्यापार धोरणानं?

बंद केल्या त्या कायदा मोडल्यामुळे. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकाम तपासणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं थंड. लिलावानंतर डिचोलीचा पट्टा पहिल्यांदा चालू झाला तो २०२४ मध्ये.

पण व्यापार धोरणाचा हात दोन ठिकाणी आहेच. पहिला, भरभराटीत. गोव्याचं खनिज कमी प्रतीचं, बरंचसं ५८ टक्क्यांहून कमी लोहाचं. देशातल्या पोलाद कारखान्यांना ते फारसं नको असतं. आधी जपान आणि मग चीन हेच त्याचं गिऱ्हाईक. चीनची भूक वाढली तशी गोव्याची निर्यात वर्षाला ५ कोटी टनांच्या पुढे गेली. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ट्रकांच्या रांगा जेटीपर्यंत लागत. शेतजमिनी लाल झाल्या, विहिरी आटल्या, आणि ज्यांची शेती गेली त्यांनीच कर्ज काढून ट्रक घेतला. जेटीवर खनिज बार्जमध्ये ओतलं जायचं, मांडवी-झुआरीतून बार्ज मुरगावला जायची. पावसाळ्यात मांडवीचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून. एक माल, एक गिऱ्हाईक, आणि त्यावर बार्जवाला, ट्रकवाला, पंक्चर काढणारा, भजी तळणारी. हे टिकणारं नाही असं म्हणणारे होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही. माझ्याही कचेरीत तेव्हा दिवसरात्र खनिजाचीच कागदपत्रं चालायची.

दुसरा हात निर्यात शुल्काचा, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. मार्च २०११ मध्ये शुल्क २० टक्के झालं, डिसेंबर २०११ मध्ये ३०. २०१५ मध्ये ५८ टक्क्यांखालच्या खनिजासाठी १०, २०१६ मध्ये शून्य. २२ मे २०२२ ला एकदम ५० टक्के, तेही सगळ्या प्रतींना. १९ नोव्हेंबर २०२२ ला कमी प्रतीला पुन्हा शून्य. बारा वर्षांच्या आत सहा दर! मे २०२२ चा उद्देश देशातलं पोलाद स्वस्त करण्याचा होता. तो मला पटतो. पण जे खनिज देशातल्या भट्टीत जवळजवळ जातच नाही त्यावर ५० टक्के लावून पोलाद कसं स्वस्त होणार? तेव्हा इथे खाणी बंदच होत्या, आधी काढून लिलावात विकलेलं खनिज तेवढं जेटींवर पडून होतं. त्या सहा महिन्यांत ते जागचं हललं नाही.

शुल्क असावं की नसावं यावर दोन मतं असू शकतात. पण उद्या दर काय असेल हे माहीत नसताना कोणी यंत्रात पैसे घालत नाही, माणूस कामावर कायम करत नाही. छोट्या निर्यातदाराला सवलत थोडी कमी मिळाली तरी चालते, त्याला दर टिकलेला हवा असतो.

गोव्यात एवढा काजू पिकतो. मग आफ्रिकेतली बी कशाला आणायची? आणि आणायचीच तर तिच्यावर शुल्क का?

या प्रश्नावर माझ्याच टेबलासमोर दोन भाऊ भांडले आहेत. थोरला सत्तरीत काजूची बागायत करतो, धाकट्याचा फोंडा तालुक्यात छोटा कारखाना आहे.

बी बागेतून येते ती मार्च ते मेमध्ये. कारखाना मात्र बारा महिने चालायला हवा, नाहीतर सोलणाऱ्या बायका दुसरं काम बघतात, आणि बोटाला वळण असलेली सोलणारी पुन्हा मिळत नाही. मी त्या खोलीत बसलो आहे. वाफवून, फोडून, वाळवून आलेला गर ताटात असतो. अंगठ्याच्या नखानं तांबडी साल उडते, आणि अख्खा गर एका डब्यात, पाकळी दुसऱ्यात, तुकडा तिसऱ्यात. हात जरा जोरात पडला की अख्ख्याचा तुकडा होतो आणि किलोमागे भाव उतरतो. हा हात टिकवायचा तर इथली बी संपल्यावर बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानियाची बी लागते.

या बीवर २०१६ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के शुल्क आलं, २०१८ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आलं. अडीच टक्के म्हणजे काही नाही असं वाटतं. पण चार किलो बी फोडली की जेमतेम एक किलो गर निघतो. बी १०० रुपये किलो धरली तर एक किलो गरामागे दहा रुपये झाले. व्हिएतनामनं यंत्रं लावून आपल्याला कधीच मागे टाकलं आहे. तिथल्या गराशी टक्कर घेताना दहा रुपये मोठे.

थोरला म्हणतो, बी शुल्काशिवाय आली तर आमच्या बीचा भाव पडतो, आम्ही झाडं कोणासाठी राखायची? त्याचंही खोटं नाही. डोंगरउतारावरचं तण काढणं, वणव्यापासून बाग वाचवणं, बी वेचायला माणसं आणणं, सगळ्याचा खर्च वाढला आहे.

यावर दिल्लीनं दोन वाटा ठेवल्या आहेत. गर निर्यात करणाऱ्याला ॲडव्हान्स ऑथरायझेशन नावाच्या परवान्यावर शुल्क न भरता बी आणता येते, मात्र तेवढा गर बाहेर पाठवल्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे शुल्क लागतं ते देशात विकणाऱ्याला. दुसरी वाट तयार गराची आयात महाग करण्याची. जून २०१९ मध्ये अख्ख्या गराला किलोला ७२० आणि तुकड्याला ६८० रुपये अशी किमान आयात किंमत ठरली, म्हणजे त्याखालच्या भावाचा माल आणता येत नाही, त्याच वर्षी शुल्क ४५ वरून ७० टक्के झालं. त्यामुळे कारखाना सावरतो, पण काजू कतली महागते.

माझं मत विचाराल तर बीवर शुल्क नको, बागायतदाराला राज्याची आधारभूत किंमत वेळेवर हवी. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा खरा उपयोग तेव्हाच, जेव्हा बाहेरची बी आणि इथली बी कारखान्यात वेगळी ठेवली जाईल आणि डब्यावर खरं तेच लिहिलं जाईल. थोरल्या भावाला भाव देणारी गोष्ट ती आहे.

सुपारीला असं संरक्षण आहे का?

आहे. किलोला २५१ रुपयांची किमान आयात किंमत फेब्रुवारी २०२३ मध्ये ३५१ केली. मात्र भूतानच्या १७ हजार टन हिरव्या सुपारीला त्यातून सूट आहे. शेजारधर्म आहे, पण आपल्या बागायतदारानं त्या आकड्यावर लक्ष ठेवायला हवं.

विशेष आर्थिक क्षेत्रं गोव्यानं घालवली ती चूक झाली का?

मला तसं वाटत नाही. या क्षेत्रांचा, म्हणजे एसईझेडचा, २००५ चा कायदा पुढच्या वर्षी लागू झाला आणि वेर्णा, केरी यांसारख्या ठिकाणी मंजुऱ्या मिळाल्या. ग्रामसभा पेटल्या, मोर्चे निघाले, आणि डिसेंबर २००७ च्या शेवटच्या दिवशी दिगंबर कामत सरकारनं ही क्षेत्रं गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. जमीन परत मिळायला २०१८ उजाडलं. एवढ्याशा राज्यात कारखान्याला सवलत देणं वेगळं आणि लाखो चौरस मीटर जमीन एकदम देणं वेगळं. वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या वसाहतींतून औषधं आजही जगभर जातात, ती साध्या औद्योगिक वसाहतीतूनच. चूक झाली ती आधी. लोकांना न विचारता जमीन दिली गेली, आणि मग दहा वर्षं ती कोणाच्याच उपयोगाची राहिली नाही.

अनुदानाच्या योजना सारख्या बदलतात त्या का?

जुन्या योजनेत निर्यात केलेल्या मालाच्या किमतीच्या काही टक्के रकमेचं प्रमाणपत्र मिळायचं. गरीब देशांना असं अनुदान देण्याची जी सूट होती ती दरडोई उत्पन्न ठरावीक रेषेच्या वर गेल्यावर भारताला राहिली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनं भारताविरुद्ध निकाल दिला. १ जानेवारी २०२१ पासून आली रोडटेप. तिच्यात बक्षीस नाही, परतावा आहे. डिझेलवरचा व्हॅट, विजेवरचा कर असे जे कर कुठेच परत मिळत नाहीत ते मिळतात. रक्कम कमी, पण तत्त्वाला धरून.

इथे एक सावधगिरी. शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडे भरायच्या अर्जात, प्रत्येक वस्तूसमोर रोडटेप हवं म्हणून ‘हो’ असं नोंदवावं लागतं. पेडण्याच्या एका बाईंनी कोकम आणि मसाल्यांची पहिली खेप दुबईला पाठवली. कागद करणाऱ्यानं ते ‘हो’ टाकलंच नाही. माल पोचला, पैसे आले, परतावा मात्र गेला तो गेलाच. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा माल निघून चार महिने झाले होते.

रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी होते ना?

ज्याचा सगळा माल इथला त्याची, थोडी. बी आफ्रिकेतून डॉलरमध्ये घेणाऱ्याला एका हातानं मिळतं ते दुसऱ्या हातानं जातं. शिवाय परदेशी गिऱ्हाईक बातम्या वाचतं आणि भाव पाडून मागतं. जहाजाचं भाडंही डॉलरमध्येच.

शॅकवाला किंवा हॉटेलवाला निर्यातदार कसा?

रशियाहून आलेला पाहुणा कळंगुटला जेवला आणि त्यानं परकीय चलन दिलं, तर ती सेवेची निर्यातच आहे, माल देशाबाहेर गेला नाही तरी. चार्टर विमानांचा हंगाम पडला की खनिजाचं जहाज न सुटल्यासारखाच फटका बसतो.

अमेरिकेनं शुल्क वाढवलं तेव्हा गोव्याला काय झालं?

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क गेलं. औषधं त्यातून वगळलेली होती, म्हणून वेर्ण्याला थेट धक्का बसला नाही. कोळंबीवाल्यांना बसला. अशा वेळी दुसऱ्या बाजारांचे करार कामी येतात. संयुक्त अरब अमिरातीशी मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ पासून करार लागू आहेत, नॉर्वे-स्वित्झर्लंडच्या गटाशी ऑक्टोबर २०२५ पासून. करारातली शुल्कमाफी आपोआप मिळत नाही. प्रत्येक खेपेला उत्पत्तीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. बरेच जण तो त्रास घेत नाहीत आणि मग करार कागदावरच आहे म्हणतात.

मला छोट्या प्रमाणात सुरू करायचं आहे. काय लागेल?

आयात-निर्यात क्रमांक. पॅन क्रमांकच तो असतो, शुल्क ५०० रुपये, घरबसल्या निघतो, आणि दर वर्षी एप्रिल ते जून त्यातली माहिती ताजी करावी लागते. नाही केली तर क्रमांक बंद पडतो. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या शाखेचा क्रमांक, कस्टमकडे नोंदवा. जीएसटीचं हमीपत्र भरलं की कर न भरता माल पाठवता येतो. खाण्याचा पदार्थ असेल तर त्या देशाचे लेबलचे नियम आधी वाचा, डबे छापून झाल्यावर नव्हे.

आणि आपल्या वस्तूचा आठ आकडी कोड पाठ करा. बी ०८०१३१ नं सुरू होते, गर ०८०१३२ नं. एका आकड्यानं शुल्क, परतावा, परवाना सगळं बदलतं.

दर बदलला हे वेळेत कसं कळणार? सौदा आधी झाला असेल तर जुना दर लागतो का?

सौद्याच्या तारखेला कस्टम विचारत नाही. निर्यातीला दर लागतो तो अधिकारी माल चढवायला परवानगी देतो त्या दिवसाचा. आयातीत बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमकडचा अर्ज) भरल्याचा दिवस किंवा जहाज आत आल्याचा दिवस, यातला नंतरचा. २०२२ च्या मे महिन्यात माल जेटीवर, करार हातात, आणि परवानगी अजून मिळायची, अशा अवस्थेत लोक सापडले ते यामुळेच. बंदी किंवा निर्बंध आले तर थोडी सोय आहे. आधीच उघडलेलं, मागे न घेता येणारं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, असेल तर ते १५ दिवसांच्या आत डीजीएफटीकडे नोंदवायचं. शुल्क वाढलं तर ही सोय नाही. म्हणून करारात ‘शुल्क वाढल्यास ते खरेदीदाराकडे’ असं एक वाक्य घालून घ्या. गिऱ्हाईक कुरकुरेल, निम्म्यावर तडजोड होईल, पण वाक्य असू द्या. डीजीएफटी आणि सीमाशुल्क मंडळ या दोघांच्या अधिसूचना संकेतस्थळावर येतात, बऱ्याचदा संध्याकाळी उशिरा. मी रोज सकाळी कार्यालय उघडलं की चहाच्या आधी त्या बघतो.